आवाज फाटत नव्हता, तो तसाच होता

गेल्या महिन्यात आपल्या सोलापुरात एक गंमत झाली. आता गंमत म्हणतोय, त्या संध्याकाळी मात्र मला रडू यायचंच काय ते बाकी होतं.

आम्ही दहा-बारा जण मिळून महिन्यातून एकदा एका हॉलमध्ये सिनेमा दाखवतो, हे माझ्या वॉलवर येणाऱ्यांना माहिती आहे. हॉलचं नाव घेत नाही, कारण चूक हॉलची कमी आणि आमचीच जास्त होती. या वेळी ठरवलं, मोठा सिनेमा नको, फिल्म्स डिव्हिजनच्या तीन जुन्या प्रयोगशील फिल्म दाखवू. एक एम. एफ. हुसेन यांची १९६७ची 'थ्रू द आईज ऑफ अ पेंटर'. दुसरी प्रमोद पति यांची १९६८ची 'एक्सप्लोरर'. तिसरी त्यांचीच १९७२ची 'अबिद'. तिन्ही मिळून जेमतेम अर्धा तास. चाळीसेक माणसं आली होती, त्यात निम्मी चहासाठी, हेही मान्य.

हुसेनची फिल्म लोकांनी शांतपणे पाहिली. मग 'एक्सप्लोरर' सुरू झाली. दीड-दोन मिनिटं गेली असतील, तेवढ्यात हॉलचा ऑपरेटर मागून पळत आला आणि त्यानं मिक्सरवरचा आवाज खटकन खाली आणला. मी हातानं खुणा करतोय, वर कर, वर कर. तो माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "सर, आवाज फाटायलाय. स्पीकर जाईल. पेनड्राइव्ह खराब आहे काय की."

पेनड्राइव्ह खराब नव्हता. आवाज फाटत नव्हता. तो तसाच होता. कुणीतरी मुंबईत बसून, विचार करून, मेहनत घेऊन तो तसा तयार केला होता.

पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं. उरलेली फिल्म कुजबुजल्यासारख्या आवाजात चालली. पडद्यावर चित्रं वेड्यासारखी पळतायत आणि हॉलमध्ये पंख्याचा आवाज मोठा. लोक हसायला लागले, दोघांनी मोबाईल काढले. नंतर चहा घेताना आमच्यातलेच एक ज्येष्ठ म्हणाले, "असलं लोकांना कळत नाही हो. पुढच्या वेळेपासून गोष्ट असलेलं काहीतरी लावू." तीन-चार माना डोलल्या.

ही पोस्ट त्या एका वाक्यासाठी लिहितोय. 'लोकांना कळत नाही.' अर्ध्या आवाजात दाखवलेली गोष्ट लोकांना कळली नाही, म्हणून लोक अडाणी. हा कुठला न्याय?

आधी या फिल्म काय आहेत ते सांगतो, कारण पाहिल्या नसतील तर दोष तुमचा नाही, त्या तुमच्यापर्यंत कुणी आणल्याच नाहीत.

हुसेन हा आपल्या जिल्ह्यातला माणूस. जन्म पंढरपूरचा. त्याच्याबद्दल कुणाचं काय मत आहे हा आजचा विषय नाही, कृपया तिकडे गाडी वळवू नका. तर या माणसाला फिल्म्स डिव्हिजननं सांगितलं, तू चित्रकार आहेस, एक फिल्म कर. तो कॅमेरा घेऊन राजस्थानात गेला आणि छत्री, कंदील, जोडा, गाय, भिंती, माणसं असं काय काय टिपून आला. गोष्ट नाही. 'राजस्थान हा वीरांचा प्रदेश आहे' असं सांगणारा निवेदक नाही. एका चित्रापुढे दुसरं चित्र आणि त्यांना बांधून ठेवणारं संगीत, बस्स. १९६७ साली बर्लिनच्या महोत्सवात लघुपटाचं गोल्डन बेअर या फिल्मला मिळालं. पंढरपुरात जन्मलेल्या माणसाची फिल्म बर्लिनमध्ये जिंकते आणि पंढरपूरच्या जिल्ह्यात ती दाखवायला आम्हाला पेनड्राइव्ह घेऊन फिरावं लागतं. असो.

'एक्सप्लोरर' हा वेगळाच प्रकार. सात-एक मिनिटांची, काळी-पांढरी. नाचणारी तरुण पोरं, देवाधर्माच्या खुणा, प्रयोगशाळेतली यंत्रं, चेहरे, अक्षरं, सगळं इतक्या झपाट्यानं येतं की डोळा एका ठिकाणी टेकतच नाही. आणि आवाज! मंत्रासारखं काहीतरी, त्यावर यंत्रातून निघालेली किरकिर, ठोके, मध्येच तुटणं, पुन्हा सुरू होणं. एकीकडे विज्ञान, एकीकडे देव आणि मधे उभं वीस वर्षांचं पोरगं, त्याच्या डोक्यात त्या काळात जो कल्ला चालू असेल तो हा आवाज आहे, असं मला वाटतं. तुम्हाला दुसरं काही वाटेल. पण वाटायला तो आधी ऐकू तर आला पाहिजे.

पति मूळचे ओडिशाचे. झेकोस्लोव्हाकियात बाहुलीपटांचं काम शिकून आले होते. तिथली युक्ती त्यांनी जिवंत माणसांवर वापरली. माणूस बसवायचा, एक फ्रेम घ्यायची, त्याला थोडा सरकवायचा, पुढची फ्रेम. पडद्यावर तो माणूस बाहुल्यासारखा झटके खात फिरतो. 'अबिद'मध्ये हे असं चित्रकार आबिद सुरती यांच्यावर केलंय. हो, 'धर्मयुग'मधल्या ढब्बूजीवाले आबिद सुरती. 'एक्सप्लोरर'चं संगीत विजय राघव राव यांचं. बासरीवादक, पंडित रविशंकर यांचे शिष्य. मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम'चं संगीतही त्यांचंच. म्हणजे ज्याला 'पेनड्राइव्ह खराब' म्हटलं गेलं, तो आवाज रागदारीत मुरलेल्या माणसानं केलेला होता. त्याला सूर लावता येत होता. इथे त्यानं मुद्दाम तो लावला नाही.

आता गंमत अशी की हे सगळं कुण्या श्रीमंत कलाप्रेमी माणसाच्या पैशातून झालेलं नाही. फिल्म्स डिव्हिजन हे सरकारी खातं. १९४८ साली सुरू झालं, मुंबईत पेडर रोडला. माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, टॉकीजमध्ये सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यावर 'फिल्म्स डिवीजन की भेंट' असं यायचं. १९५२च्या सिनेमा कायद्याखाली थिएटरच्या परवान्याची अटच होती की असली फिल्म दाखवलीच पाहिजे. तेवढ्या वेळात आपण शेंगा सोलायचो, उशिरा येणारे अंधारात पाय तुडवत जायचे, पुढच्या रांगेतले शिट्ट्या मारायचे. पूर, धरण, मंत्री, फीत, टाळ्या. बहुतेक वेळा कंटाळाच यायचा, खोटं कशाला बोलू? सरकारची टिमकी वाजवणं हे त्या खात्याचं मोठं काम होतं आणि आणीबाणीत तर फारच.

पण त्याच खात्यात साठच्या दशकात काही वर्षं अशी आली की वरच्या माणसांनी खालच्यांना मोकळं सोडलं. युनेस्कोतून झां भावनगरी म्हणून एक गृहस्थ सल्लागार म्हणून आले होते, स्वतः कलावंत माणूस. त्यांच्या काळात आणि त्यानंतर पति, एस. एन. एस. शास्त्री अशांनी सरकारी नोकरीत राहून जे केलं ते आज खासगी पैशातही कुणी करू धजत नाही. शास्त्रींची 'आय अॅम ट्वेंटी' बघा. १९६७ साली, देशाबरोबर जन्मलेल्या वीस वर्षांच्या पोरांना विचारलंय, काय वाटतं तुम्हाला? आणि पोरं सरकारी फिल्ममध्ये सरकारला आवडणार नाही असंही बोलतात. कुटुंबनियोजनासारख्या विषयावरसुद्धा पतिंनी 'क्लॅक्सप्लोजन' नावाची प्रयोगशील फिल्म केली.

मुद्दा लक्षात घ्या. ही माणसं कुणासाठी काम करत होती? सोलापूर, परभणी, बेळगाव, कुठल्याही टॉकीजमध्ये शेंगा खात बसलेल्या माणसासाठी. त्यांच्या फिल्म ज्या खात्याच्या होत्या त्याचा प्रेक्षकच तो होता. 'लोकांना कळणार नाही' असं म्हणून त्यांनी हात आखडता घेतला नाही. आपण मात्र पन्नासहून जास्त वर्षांनी, हातात मोबाईल घेऊन, दिवसाला दोनशे रील बघून, म्हणतोय की लोकांना कळत नाही. अरे, रील म्हणजे तरी काय आहे? पंधरा सेकंदांत तीस तुकडे, खाली ठेका. डोळ्याला त्या वेगाची सवय आता आहे. १९६८ साली नव्हती.

खरी अडचण कानाची आहे. आपण सिनेमा 'बघायला' जातो म्हणतो, 'ऐकायला' जातो असं कुणी म्हणत नाही. जुन्या ३५ मिलिमीटरच्या रिळात आवाज कसा असायचा माहितीये? चित्रांच्या कडेला, त्याच पट्टीवर, एक बारीक नागमोडी रेघ. दिव्याचा उजेड त्या रेघेतून जायचा, पलीकडे त्या उजेडाच्या कमी-जास्तीचा आवाज व्हायचा. म्हणजे आवाजसुद्धा चित्रच होता. कॅनडात नॉर्मन मॅक्लेरन नावाच्या माणसानं तर फिल्मच्या त्या कडेवर हातानं रेघा काढून आवाज तयार केला होता, वाद्य नाही, माईक नाही. ज्यांनी हे समजून काम केलं त्यांच्यासाठी आवाज हा चित्राला लावलेला मसाला नव्हता. अर्धी फिल्मच तो होता. तो खाली केला म्हणजे अर्धा पडदा फडक्यानं झाकला.

आणि हे आपल्याला परकं आहे असंही नाही. १९३७चा प्रभातचा 'कुंकू' आठवा. व्ही. शांतारामांनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं. ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी मराठी प्रेक्षकानं तो सिनेमा डोक्यावर घेतला. तेव्हा कुणाला कळण्यात अडचण आली नाही.

आता त्या संध्याकाळचा एक भाग राहिला, तो सांगतो. सगळे गेल्यावर पूर्व भागातले एक अण्णा थांबले होते. आयुष्य यंत्रमागावर गेलेलं, आता पोरं कारखाना बघतात. ते मला म्हणाले, "ती मधली फिल्म परत लावता का जरा? मोठ्यानं." ऑपरेटर घरी गेला होता. आम्ही आवाज वर केला आणि लावली. अण्णा डोळे मिटून बसले. पहिल्यांदा ऐकताना डोळे मिटले, पडदा बघितलाच नाही! संपल्यावर म्हणाले, "याच्यात ठेका आहे की. सापडला की डोकं दुखत नाही. आमच्या शेडमध्ये नवीन माणूस आला की दोन दिवस कान धरून बसतो. आम्हाला मात्र धोट्याचा आवाज जरा बदलला तरी कळतं, कुठल्या मागाची तार तुटली ते." मग तिसऱ्यांदा लावायला सांगितली आणि या वेळी डोळे उघडे ठेवून बघितली.

सोलापूरच्या माणसाला आवाज कळत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा पूर्व भागातल्या गल्लीतून दुपारी चालून यावं. हे गाव गिरणीच्या भोंग्यावर उठलेलं आणि भोंग्यावर जेवलेलं आहे. जुन्या मिलचा भोंगा ज्यांनी ऐकलाय त्यांना आवाजानं दिवस कसा कापला जातो हे शिकवायची गरज नाही.

बरं, मी हे नुसतं दुखावलो म्हणून लिहीत नाहीये. यात काळजीचा मुद्दा आहे आणि तो पैशाचा आहे, आपल्या पैशाचा.

फिल्म्स डिव्हिजन आता वेगळं खातं म्हणून उरलं नाही. मार्च २०२२च्या आदेशानं ते एनएफडीसी या सरकारी कंपनीत गेलं. पुण्याची राष्ट्रीय फिल्म आर्काइव्हही गेली, चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीही गेली. आठ हजारांहून जास्त फिल्मचा साठा त्या खात्याचा. त्या वेळी बऱ्याच चित्रपटकर्मींनी विरोध केला होता, कारण साधी भीती होती, कंपनी म्हटलं की ती विचारणार, यातून मिळणार काय? सरकारनं २०२२ मध्येच जुने सिनेमे दुरुस्त करण्यासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले, सुमारे २२०० चित्रपटांसाठी. चांगलीच गोष्ट आहे, टीका नाही. पण आधी कुठले? गाजलेले मोठे सिनेमे आधी होणार हे उघड आहे. पाच-सात मिनिटांच्या या विक्षिप्त फिल्मची बाजू कोण घेणार? काही फिल्म यूट्यूबवर ठेवल्यात, त्याबद्दल आभार. पण मोबाईलच्या स्पीकरवर 'एक्सप्लोरर' ऐकणं म्हणजे बँड पथक भिंतीपलीकडून ऐकणं.

आणि दुरुस्तीचीही एक भीती आहे. हल्ली खरखर काढायची सॉफ्टवेअर असतात. ज्या फिल्ममध्ये खरखर हेच संगीत आहे तिथे त्या सॉफ्टवेअरला कोण सांगणार, बाबा रे, ही जुनी झालेली पट्टी नाही, ही विजय राघव रावांची रचना आहे? आमच्या ऑपरेटरनं जे केलं तेच एखादी मशीन करेल आणि ते कायमचं होईल. त्याच्यासारखं नॉब पुन्हा वर फिरवता येणार नाही.

हरवणं किती सोपं असतं बघा. अकबर पदमसी यांनी १९६९ साली मुंबईत 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' नावाची सहा मिनिटांची फिल्म केली. स्टेन्सिल आणि रंगीत उजेड वापरून, १६ मिलिमीटरवर, स्वतःच्याच एका चित्रावरून. एकच प्रत होती. ती हरवली. देशातल्या एवढ्या मोठ्या चित्रकाराची फिल्म, हरवली म्हणजे हरवली. पदमसी म्हातारे झाल्यावर आशिम अहलुवालिया यांनी त्यांना सोबत घेऊन, आठवणीतून, ती पुन्हा उभी करायचा प्रयत्न केला. २०१६ साली ते काम पुरं झालं. उलट अहमदाबादला एनआयडीत १९६९ साली इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ सुरू झाला होता, मूग सिंथेसायझर वगैरे आणून. त्या टेपा तिथल्या संग्रहात पडून होत्या. एका बाहेरच्या संगीतकारानं येऊन त्या शोधल्या, ऐकल्या आणि आता जगभर लोक त्या ऐकतायत. कपाटात राहिलं म्हणून सापडलं. कुणी आवरासावर करताना टाकून दिलं असतं तर?

आता एक प्रश्न येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. मागच्या एका पोस्टवर एकानं लिहिलं होतं, "गावात पाणी चार-पाच दिवसाआड येतंय आणि तुम्हाला सिनेमे सुचतात काय बे?" प्रश्न रास्त आहे, माझ्याही घरात पिंपं भरून ठेवलेली आहेत. पण ज्या आबिद सुरतींवर ती 'अबिद' फिल्म आहे ना, तो माणूस म्हातारपणी मुंबईजवळ मीरा रोडला दर रविवारी प्लंबर सोबत घेऊन घरोघर जायला लागला, लोकांचे गळके नळ फुकट दुरुस्त करायला. २००७ पासून. पत्रकं लावून, बेल वाजवून, वॉशर बदलून. पाण्याची काळजी आणि चित्राची आवड एकाच माणसात राहते, भांडण होत नाही. आपल्याकडेच एक केलं की दुसऱ्याचा हिशेब मागतात.

मला हवंय ते फार मोठं नाही. आपल्या शहरात महापालिकेची आणि सरकारी पैशातून बांधलेली सभागृहं आहेत. वर्षातून किती दिवस त्यांना कुलूप असतं ते तुम्हीही बघता. महिन्यातली एक संध्याकाळ या फिल्मना द्या. एनएफडीसीनं जिल्ह्याच्या ठिकाणी नीट आवाजाच्या प्रती मागितल्या तर द्याव्यात, भाडं माफक ठेवावं, आणि अर्जाला उत्तर द्यावं. उत्तर 'नाही' असलं तरी चालेल, पण द्यावं. आणि आपल्या टॉकीजवाल्यांना विनंती, एखाद्या मराठी सिनेमाच्या आधी, ती तंबाखूची जाहिरात आणि ट्रेलर चालतात तेवढ्यात, सात मिनिटांची एक फिल्म लावून बघा. सक्ती नको. सक्तीनं या फिल्मचं आधीच पुष्कळ वाटोळं केलंय, माणसं तेव्हापासून 'डॉक्युमेंटरी' म्हटलं की बाहेर वडापाव खायला जातात.

आमच्या चुकाही सांगतो. आम्ही ऑपरेटरला आधी फिल्म दाखवली नव्हती. दोन मिनिटं ऐकवून 'हे असंच आहे, घाबरू नका' एवढं सांगितलं असतं तर सगळं टळलं असतं. तो बिचारा आपलं काम करत होता. स्पीकर फाटला तर पगारातून कापतात त्याच्या. प्रेक्षकांनाही आम्ही काही सांगितलं नाही, नुसते दिवे बंद केले. आणि त्या ज्येष्ठांशी मी चहाच्या टेबलावर जो आवाज चढवला तो काही प्रयोगशील नव्हता, साधा भांडणाचा होता. त्यांची माफी मागून झाली आहे. मत त्यांचं बदललेलं नाही, माझंही नाही.

तर पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी साडेसहाला, त्याच हॉलमध्ये, त्याच तीन फिल्म पुन्हा. माझा एक साऊंडवाला मित्र आहे, गणपतीत आणि लग्नात ज्याच्या बॉक्सनी तुमच्या खिडक्या हलवल्यात तोच. त्याला 'एक्सप्लोरर' ऐकवली. पूर्ण ऐकून म्हणाला, "बे, हे वाजवायला माझेच बॉक्स लागतील." दोन बॉक्स फुकट देतोय, स्वतः मिक्सरवर बसणार आहे, ऑपरेटरला शेजारी बसवून. 'एक्सप्लोरर' दोनदा लावू, एकदा डोळे मिटून, एकदा उघडे ठेवून. अण्णा येतो म्हणालेत, शेडमधल्या चार जणांना घेऊन. लहान पोरांना आणा, त्यांना 'अबिद' फार आवडते असा अनुभव आहे. चहा आहे. ज्यांना गोष्टच हवी आहे त्यांनीही या, नंतर भांडू.